‘कॉपी झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

ताडोबाची ट्रिप म्हणजे विंडोजवाला एक, मॅकवाली एक, लिनक्सवाला एखादा बंडखोर आणि सगळ्यांत मिळून एकच हार्ड डिस्क! मोहर्लीला रात्री आमचा हाच सीन होता. मॅकवर डिस्क दिसत होती, फोटो उघडत होते, पण नवीन काही पेस्ट होईना.

कारण सिम्पल आहे. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमधली डिस्क मॅक नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. उलट मॅकच्या टाइम मशीनची डिस्क विंडोजला लावली, की ते ‘फॉरमॅट करू?’ असं विचारतं. बॉस, इथे ‘हो’ म्हणू नका! डिस्क बिघडलेली नसते, विंडोजला तिची भाषा कळत नसते, इतकंच. जुन्या फॅट३२ डिस्कवर ४ जीबीहून मोठा व्हिडिओ मावत नाही. तिघांनाही चालणारा फॉरमॅट म्हणजे एक्सफॅट. फक्त फॉरमॅट बदलताना डिस्क पुसली जाते, म्हणून आधीचा डेटा हलवून ठेवा.

खरा घोळ असतो नावांचा. बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोंचे नंबर ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली आणि ‘रिप्लेस’ दाबलं, की वाघाच्या जागी चितळ! आपला फक्त फोटो जातो. व्याघ्रगणनेत मात्र अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात, त्यामुळे तिथे फोटो हाच पुरावा. २०१८च्या देशभरातल्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो निघाले, त्यांत वाघांचे ७६,६५१. म्हणून प्रत्येक कार्डाला तारीख आणि जागेच्या नावाचं वेगळं फोल्डर द्या. नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह नको. लिनक्सला ते चालतं, विंडोजला नाही. मग अशी फाइल बॅकअपमधून सुटू शकते.

‘क्लाऊडवर टाकू’ म्हणताय? पुढे गडचिरोलीत, भामरागड-एटापल्लीकडे जाणार असाल, तर रेंजच्या भरवशावर राहू नका. रात्रभर कॉपी लावणार असाल तर लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करा, चार्जर लावून ठेवा.

आणि ‘बॅकअप कम्प्लीट’ वाचून लगेच कार्ड रिकामं करू नका. डिस्कवरचे चार फोटो आणि एक व्हिडिओ दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा. उघडले, तरच तो बॅकअप. ऑफिसच्या एक्सेल शीटलाही हाच नियम लागू!