मोबाईलचे नियम मोठ्यांनाही हवेत



'मोबाईल शाप की वरदान' हा निबंध आपण सर्वांनी लिहिला आहे. मी आज तो लिहिणार नाही. कारण मोबाईल घरात आलाच आहे आणि तो आता परत जाणार नाही. भारतात पहिला मोबाईल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला लागला. आज आमच्या वाडीत ज्या घरात भिंतीवर घड्याळ नाही, त्या घरातही मोबाईल आहे. म्हणून तो नीट कसा वापरायचा हेच पाहिले पाहिजे.

माझे मत असे आहे की, मोबाईलचे नियम फक्त मुलांना नकोत, ते मोठ्यांनाही हवेत. घरात आम्हाला सारखे सांगतात, "मोबाईल ठेव, डोळे जातील." ते बरोबरच आहे. पण मोठ्यांना कोण सांगणार? जीव तर सर्वांचा सारखाच असतो.

पहिली गोष्ट गाडीची. पुष्कळ माणसे मोटारसायकल चालवताना मान वाकडी करून, कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरून बोलतात. मागे आई, पुढे टाकीवर लहान भाऊ, आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर! मी एक गणित केले. गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने गेली तर एका सेकंदात १० मीटर जाते. फोन कुणाचा आला हे बघायला ५ सेकंद लागले तर गाडी ५० मीटर न बघता गेली. डोळे मिटून ५० मीटर गाडी कोणी चालवेल का? कायद्यानेही ते चालत नाही. २०१९ साली कायदा बदलला, त्यात पहिल्या वेळेस १००० ते ५००० रुपये दंड आहे, तुरुंगही होऊ शकतो. पण दंडासाठी नव्हे, घरच्यांसाठी फोन घेऊ नये. गाडी कडेला लावावी, मग पाहिजे तेवढे बोलावे. कानात वायर घालून रस्त्याने चालणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यांना मागून आलेल्या एसटीचा हॉर्न ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट चार्जिंगची. मोबाईल रात्रभर चार्जिंगला लावून उशाखाली किंवा गोधडीत ठेवायची सवय घरोघरी आहे. मोबाईलच्या बॅटरीत लिथियम असते. चार्जिंग होताना ती तापते. गोधडीत तिला हवा लागत नाही, म्हणून ती जास्तच तापते व पेटूही शकते. बॅटरी फुगली असेल तर तो मोबाईल वापरू नये, चार्जिंगलाही लावू नये. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. चार्जरची वायर सोललेली असेल तर चिकटपट्टी लावून काम भागवू नये. चार्जिंग चालू असताना फोनवर बोलू नये. ओल्या हाताने तर मुळीच धरू नये.

तिसरी गोष्ट मळ्यातली. आता बऱ्याच विहिरींवर मोबाईलचा स्टार्टर बसवला आहे. घरून फोन लावला की मोटार चालू होते. शेतीची लाईट रात्री आली तरी अंधारात, विंचूकाट्यात जावे लागत नाही. सोय फार चांगली आहे. पण घरून फोन लावणाऱ्याला तिथे कोण आहे ते दिसत नाही. कोणी मोटारीचे काम करत असेल तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा व फ्यूज काढून खिशात ठेवावेत. फोन लावणाऱ्यानेही आधी विचारावे, "मोटारीपाशी कोण हाय का?" एवढे विचारायला काही पैसे पडत नाहीत.

चौथी गोष्ट पैशाची. आमच्या घरी आजीला वाचता येत नाही. मेसेज आला की ती मला हाक मारते, "बाळ, बघ गं काय आलंय." असे पुष्कळ घरी होते. म्हणून हे आपल्या वर्गातल्या सर्वांना माहीत पाहिजे. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँक फोन करून ओटीपी विचारत नाही. पैसे येताना पिन लागत नाही, पैसे जातानाच लागतो. जो म्हणेल, "पैसे पाठवतो, पिन दाबा," तो चोर समजावा. पोलीस फोनवरून अटक करत नाहीत, म्हणून तशा फोनला घाबरायचे नाही. आणि कुणी फसलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या नंबरवर फोन करावा. लवकर कळवले तर पैसे वाटेत अडवता येतात. हा नंबर विसरू नये म्हणून मी एक युक्ती काढली आहे. शिवरायांचा जन्म १६३० साली झाला हे चौथीत सर्वांना पाठ आहे. त्यात ३०० मिळवा, झाला नंबर!

काही वेळा मोठी माणसे नियम सांगतात, पण तो चुकीचा असतो. विजा चमकायला लागल्या की म्हणतात, "मोबाईल बंद कर, वीज पडंल." आणि स्वतः झाडाखाली जाऊन उभे राहतात! मोबाईल वीज ओढून घेत नाही. झाडाखाली उभे राहणेच धोक्याचे आहे. मात्र विजा होत असताना चार्जिंगला लावलेला मोबाईल हातात धरू नये, कारण वीज तारांमधून घरात येऊ शकते. उलट मोबाईलमुळे आधी सावध होता येते. पुण्याच्या हवामान शास्त्रज्ञांनी 'दामिनी' नावाचे ॲप केले आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगते. मळ्यात जाणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे.

कोणी म्हणेल, "मोठ्यांना कामाचे फोन असतात, तुमच्यासारखे खेळ नसतात." हे खरे आहे. फोन कामाचा असतो हे मला मान्य आहे. पण काम दोन मिनिटे थांबते. समोरचा ट्रॅक्टर थांबत नाही, आणि तापलेली बॅटरी हा फोन कामाचा आहे की खेळाचा आहे हे विचारत नाही.

म्हणून मी असे सुचवते की, प्रत्येक घरात मोबाईलसाठी एक कोनाडा ठरवावा. जेवताना आणि झोपताना सर्वांचे मोबाईल तिथे ठेवावेत, मुलांचे आणि मोठ्यांचेही. गाडीवर फोन वाजला तर वाजू द्यावा. आणि मुलांनी आठवण केली तर "गप बस, तुला काय कळतंय" असे म्हणू नये. आम्ही लहान आहोत हे खरे, पण संध्याकाळी तुमची गाडी दिसेपर्यंत दारात उभे आम्हीच असतो.

तुम्ही आमचे ऐका, आम्हीही तुमचे ऐकू, अशी माझी सर्वांना नम्र विनंती आहे.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी