वीज आपली, भाषा कुणाची?

मंडळी, विद्युत अभियांत्रिकीचं जगातलं पहिलं अध्यासन १८८२ साली जर्मनीत डार्मश्टाट इथे निघालं. पहिले प्राध्यापक एरास्मुस किटलर. शिकवणं जर्मनमधून, म्हणजे पोरांच्या घरच्याच भाषेत. आपल्याकडे हा विषय इंग्रजीतून आला आणि तसाच राहिला.

आमच्या चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही १९९६ पासून इथेच. पण गडचिरोलीकडची मराठीत शिकलेली हुशार पोरं अभियांत्रिकीला गेली की विजेला नाही, इंग्रजीला अडखळतात. माडिया-गोंडी बोलणाऱ्यांना तर मराठीसुद्धा दुसरी भाषा!

एआयसीटीईने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. मग निदान पहिलं वर्ष तरी मराठीत शिकवा. इंग्रजी हळूहळू येईलच.

तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.