‘मणक्यात गॅप’ की मणक्याचा क्षय?

क्षयमुक्त भारतासाठी ठरवलेली २०२५ ची मुदत उलटली. डिसेंबर २०२४ पासूनच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रे गावोगावी गेली. पण ती छाती तपासतात. मणक्याचा क्षय त्यातून सुटतो. अशा रुग्णाला खोकला असेलच असे नाही.

तो महिनोन्‌महिने गोळ्या घेतो, कंबरेला पट्टा लावतो. एक्स-रेत दोन मणक्यांमधली जागा कमी दिसली की ‘वयोमानाने झीज’ म्हटले जाते. ती जागा झिजेत कमी होते, तशीच संसर्गातही. फरक कडांमध्ये असतो. झिजेत कडा रेखीव, दाट पांढऱ्या दिसतात आणि हाड टोकांशी वाढलेले असते. क्षयात समोरासमोरच्या कडा कुरतडल्यासारख्या, पुसट होतात. शेजारी पुवाची सावली दिसू शकते. मात्र हाडातील सुमारे ३० टक्के खनिज जाईपर्यंत साधा एक्स-रे बहुधा स्वच्छच दिसतो. एमआरआय हा बदल खूप आधी टिपतो. जंतूची खात्री मात्र सुईने काढलेल्या नमुन्यातूनच होते.

रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप, घटते वजन किंवा पायांत अशक्तपणा असेल, तर ‘झीज’ या शब्दावर थांबू नये. वेळेत निदान झाले तर बहुतेक रुग्ण औषधांनीच बरे होतात. उशीर झाला तर कुबड येते, पाय लुळे पडू शकतात. म्हणून घरोघरी खोकल्याची चौकशी करताना ‘पाठ किती दिवस दुखते?’ हेही विचारायला हवे.