इकडे कोण बघतंय?

डिसेंबर उजाडला की पुण्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक सवाई गंधर्व आणि दुसरे एन.आर.आय. नातेवाईक. पहिल्याचं तिकीट आपल्याला काढावं लागतं, दुसऱ्यांनी स्वतःचं सहा महिने आधीच काढलेलं असतं. सोबत बॅगेत चॉकलेटं असतात, बदाम असतात आणि मतं असतात. चॉकलेटं दोन दिवसांत संपतात. मतं परतीच्या फ्लाइटपर्यंत पुरतात.

मतांचा फंडा साधारण ठरलेला. तिकडे हॉर्न वाजवत नाहीत. तिकडे कुणी रांग मोडत नाही. तिकडे रूल म्हणजे रूल. हे ‘तिकडे’ नकाशावर नेमकं कुठे असतं ते विचारायचं नाही. सिंगापूरपासून सिअ‍ॅटलपर्यंत सगळं एकाच ‘तिकडे’त मावतं.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. चौदा वर्षं झाली. हुशार आहे, दिलदार आहे, आणि बोलतो त्यातलं बरंचसं खरंही असतं. तिकडे स्कूल बस थांबली की मागच्या-पुढच्या गाड्या थांबतात, हे खरं. चालणाऱ्याला फुटपाथ मिळतो, अँब्युलन्सला वाट मिळते, हेही खरं. त्यामुळे या डिसेंबरात त्याला आणि मावशीला घेऊन पानशेतला निघाले तेव्हा मनाची तयारी होती. गाडी मी चालवत होते, मावशी शेजारी, दादा मागे ऐसपैस.

सिंहगड रोडला पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या मुलाने नळी लावली आणि दादा सुरू झाला. ‘इकडे प्रत्येक कामाला एक माणूस! तिकडे सगळं स्वतः करावं लागतं.’ आता गंमत बघा. अख्ख्या अमेरिकेत गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला सरसकट बंदी असलेलं एकच राज्य उरलंय आणि ते म्हणजे याचं न्यू जर्सी! १९४९ पासून तिथे कायद्यानेच पंपावरचा माणूस पेट्रोल भरतो. हे मी सांगितल्यावर दादा म्हणाला, ‘हो, पण ते वेगळं.’

खडकवासल्याच्या आधी मी म्हटलं, ‘दादा, पट्टा लाव.’

‘अगं, मागे कशाला? इकडे कोण बघतंय?’

न्यू जर्सीत मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे. आपल्याकडेही आहे, आणि नाही लावला तर हजार रुपये दंड आहे. म्हणजे नियम दोन्हीकडे एकच. मधल्या विमानप्रवासात फक्त बघणारा बदलला. मला वाटतं, ‘तिकडच्या’ शिस्तीबद्दलची निम्मी चर्चा त्याच्या या तीन शब्दांतच उरकते.

कारण शिस्त ही काही तिकडच्या पाण्यात मिसळलेली नसते. गाडीतला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलीन या इंजिनिअरने १९५९ मध्ये आणला. टेक्नॉलॉजी तयार होती, कंपनीने ती इतरांनाही वापरायला मोकळी ठेवली. तरी अमेरिकेतल्या पहिल्या राज्याने, न्यूयॉर्कने, तो लावायची सक्ती करायला १९८४ उजाडलं. तेव्हा तिथल्या लोकांनीही ‘आमच्या गाडीत आम्ही कसं बसायचं ते सरकार ठरवणार का?’ म्हणून बोंब मारली होती. न्यू हॅम्पशायरमध्ये तर मोठ्या माणसांना आजही पट्ट्याची सक्ती नाही. तेही ‘तिकडे’च आहे, बरं का.

पुढे भज्यांची गाडी लागली. दादाने मोठ्या प्रेमाने परदेशी कार्ड काढलं. भजीवाल्या मावशींनी झाऱ्याने क्यूआर कोडकडे बोट दाखवलं. पैसे मी दिले, स्पीकरने खणखणीत आवाजात पावती दिली आणि दादा दोन मिनिटं गप्प झाला. ही यूपीआय २०१६ ची. एडिसनमध्ये घरभाडं अजून चेकने देणारे लोक आहेत, हे त्यानेच सांगितलं. ऑनलाइन कार्ड वापरताना आपल्याला जो ओटीपी मागतात, तसा दुसरा पुरावा रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीचा केला. ‘तिकडे नुसता कार्ड नंबर टाकला तरी बऱ्याचदा चालतं,’ दादा म्हणाला. वा! म्हणजे कधी कधी आपला रूल जास्त कडक असतो. यावर खूश होऊन मी एक प्लेट जास्त मागवली.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

पानशेतचं पाणी दिसलं की कुणीही गप्प होतो. डोंगरांमध्ये पसरलेला तानाजीसागर, पलीकडे वरसगाव. दादाही हळवा झाला. आणि हळव्या एन.आर.आय. माणसाला हमखास जे होतं, ते त्याला झालं. त्याला प्लॉट घ्यावासा वाटला. लेक व्ह्यू, छोटं फार्महाउस, मावशीला बाग, मुलांना गावाशी कनेक्ट… अंदाज असा की हे आधीच ठरलं होतं, कारण अर्ध्या तासात एजंट हजर.

प्लॉट सॉल्लिड होता. अडचण एकच, जमीन शेतीची होती. दादाने अमेरिकी पासपोर्ट घेतलाय, त्याच्याकडे ओ.सी.आय. कार्ड आहे. ओ.सी.आय. काय किंवा एन.आर.आय. काय, त्यांना भारतात फ्लॅट घेता येतो, बंगला घेता येतो, पण शेतजमीन आणि फार्महाउस रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं.

एजंट हसला. ‘साहेब, आईंच्या नावावर करू. शेतकरी दाखला बघू कसा जमतो ते. एन.ए. काय, होईल मागाहून. इकडे सगळे असंच करतात.’

आणि माझा दादा, ‘रूल म्हणजे रूल’वाला दादा, म्हणाला, ‘आई, तुझं आधार आहे ना बरोबर?’

मावशी पाण्याकडे बघत होती. ती म्हणाली, ‘तिकडे माझी अशी सही मागितली असतीस का रे?’

कुणी काही बोललं नाही. अडुसष्ट वर्षांची बाई. मुलगा दोन आठवड्यांत परत जाणार. उद्या तलाठ्याकडून नोटीस आली, तर ती एडिसनला जाणार नाही, कोथरूडलाच येणार. एजंटचा नंबर तोवर ‘स्विच्ड ऑफ’ असणार. कागदावरच्या एका सहीने म्हातारपणाची झोप उडवायची आणि त्याला प्रॅक्टिकल म्हणायचं!

आम्ही धरणाच्या कडेने थोडं चाललो. ज्या ठिकाणी उभं राहून आम्ही ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’चा वाद घालत होतो, त्या ठिकाणाचं नाव पुण्यात याच शब्दामुळे अजून दबक्या आवाजात घेतात. १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं हे मातीचं धरण फुटलं तेव्हा त्याचं काम पूर्ण झालेलं नव्हतं, तरी त्यात पाणी भरू दिलं होतं. पाणी बाहेर सोडायच्या भुयारी मार्गाच्या कमानीला लोखंडी सळ्यांचं काँक्रीट हवं होतं, तिथे सळ्यांशिवायचे काँक्रीटचे ठोकळे होते. त्यावरची माती खचली. आदल्या रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी पानशेत गेलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. सळ्यांचं काम राहिलं तेव्हाही कुणीतरी मनात म्हणालंच असेल, होईल मागाहून.

‘बघ, हेच म्हणतो मी,’ दादा म्हणाला. ‘तिकडे असं होणार नाही.’

म्हणून त्याला जॉन्सटाउनची गोष्ट सांगितली. ही त्याच्या शेजारच्या राज्यातली, पेनसिल्व्हेनियातली. तिथे डोंगरात एक जुनं मातीचं धरण होतं आणि त्याच्या तलावाकाठी पिट्सबर्गच्या बड्या लोकांचा वीकएण्ड क्लब. सभासदांत अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिकसारखे उद्योगपती. म्हणजे लेक व्ह्यू, बॉस! बग्गी नीट जावी म्हणून क्लबने धरणाचा माथा थोडा खाली घेतला. मासे पळू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. आधीच्या मालकाने काढून विकलेले पाणी सोडायचे पाइप पुन्हा बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला धरण फुटलं. खालच्या जॉन्सटाउनला त्या दिवशी तारेने इशारे गेले होते, पण असे इशारे दर पावसाळी येत आणि काही होत नसे, म्हणून फारसं कुणी हललं नाही. २,२०९ माणसं गेली. क्लबवर खटले झाले, भरपाई कुणालाच मिळाली नाही.

आणि देशभरच्या धरणांची तपासणी करायचा अमेरिकेचा केंद्रीय कायदा कधी आला? १९७२ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकवरचा कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसं गेली, त्यानंतर. जॉन्सटाउनपासून मोजलं तर ८३ वर्षं. आपला धरण सुरक्षा कायदा आला २०२१ मध्ये. पानशेतपासून साठ वर्षांनी, आणि २०१९ च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेल्यावर. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आणीबाणीचा लेखी आराखडा, कसूर केली तर तुरुंग, हे सगळं आता आपल्याकडेही कागदावर आहे.

म्हणजे ‘तिकडे’ काही शहाण्यांचा देश नाही. तिथेही टाळाटाळ होते. मिशिगनमध्ये एडनव्हिलच्या खासगी धरणाला मोठा पूर पेलणार नाही, असं सरकारी यंत्रणा मालकाला वर्षानुवर्षं बजावत होती. २०१८ मध्ये वीजनिर्मितीचा परवाना काढून घेतला, तरी काम झालं नाही आणि मे २०२० मध्ये ते फुटलं. फरक एवढाच पडला की सुमारे दहा हजार लोकांना वेळेत हलवलं आणि एकही जीव गेला नाही. टेक्नॉलॉजी धरणाला वाचवू शकली नाही. पण इशारा आला तेव्हा लोक उठले, कारण इशारा देणाऱ्यावर त्यांचा विश्वास होता.

हे आपल्याला लागू आहे. माझे कितीतरी वाचक सिंहगड रोडला राहत असतील, निदान ई.एम.आय. तरी तिथला भरत असतील. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून २९ टी.एम.सी. पाणी तुमच्या डोक्यावर साठवलेलं असतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि एकतानगरीत पाणी घुसलं. वेळेत कळवलं नाही, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन असताना! पण फ्लॅट बुक करताना आपण जिम बघतो, क्लब हाउस बघतो, इंटरनेटचा स्पीड बघतो. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर कुठून जाते, हे किती जण विचारतात? ती रेषा बिल्डरच्या ब्रोशरमध्ये नसते, जलसंपदा खात्याच्या नकाशात असते.

प्लॉटचं काय झालं? मावशीने सही केली नाही. तिने दादाला एवढंच सांगितलं की बाग हवी असेल तर गॅलरीत कुंड्या आण, नाहीतर रीतसर एन.ए. जागा शोध, मी बघायला येईन. दादा परतीच्या वाटेवर बराच वेळ फुगून होता. शेवटी म्हणाला, ‘तुम्ही लोक ना, अजिबात प्रॅक्टिकल नाही.’ तुम्ही लोक! चौदा वर्षांत पहिल्यांदाच आम्ही त्याला जास्त नियमवाले वाटलो. मावशी आणि मी एकमेकींकडे बघून हसलो.

तेव्हा मंडळी, पुढच्या डिसेंबरात कुणी ‘तिकडे असं नसतं’ म्हणालं, तर लगेच भांडू नका आणि माना तर मुळीच डोलवू नका. प्रेमाने चहा द्या आणि विचारा, ‘तिकडे बघतं कोण?’ मग इन्शुरन्स कंपनी येईल, पालिकेचा इन्स्पेक्टर येईल, वकील येईल, तक्रार करायला न लाजणारा शेजारी येईल. ही माहिती चॉकलेटांपेक्षा कामाची आहे, ती नीट ऐकून घ्या. त्यातला पालिकेचा इन्स्पेक्टर आपल्या हातात नाही. तो शेजारी मात्र आपल्याला उद्यापासून होता येईल.

आणि पाहुणा मागच्या सीटवर बसला की त्याला पट्टा लावायला सांगा. कोण बघतंय असं म्हणाला, तर म्हणा, मी बघतेय.