चंद्राचे आभार मानायचे असतील तर धारण तलावाकडे बघा

कोजागरी झाली. कळंबोलीत गच्च्या-गच्च्यांवर दूध आटलं, जायफळ-वेलची पडली, अंताक्षरी झाली, उरलेलं दूध दुसऱ्या दिवशी चहात गेलं. छान. पण यंदा व्हॉट्सअ‍ॅपवर अजून एक प्रकार फिरत होता. ‘पौर्णिमा हीलिंग’, ‘मून सर्कल’, ‘ग्रॅटिट्यूड सेशन’. चांदण्यात मांडी घालून बसायचं, वहीत तीन गोष्टींबद्दल आभार लिहायचे, पाण्याची बाटली रात्रभर चंद्रप्रकाशात ठेवायची आणि सकाळी ते पाणी प्यायचं. काही ठिकाणी याला फीसुद्धा होती.

टिंगल करायला ही पोस्ट लिहीत नाहीये. आभार लिहिण्याचा माणसाला फायदा होतो, हे अमेरिकेत एमन्स आणि मॅककलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रयोग करून मांडलंय. चंद्र आणि झोपेचंही काहीतरी नातं दिसतं. अर्जेंटिनातल्या तोबा समाजाच्या वस्त्या आणि सिएटलचे कॉलेज विद्यार्थी यांच्यावर केलेला अभ्यास 2021 मध्ये आला. पौर्णिमेच्या आधीच्या रात्री माणसं उशिरा झोपतात आणि कमी झोपतात, असं त्यात आढळलं. (बाटलीतल्या पाण्याबद्दल मात्र मी काही बोलत नाही. प्यायचं तर उकळून प्या.)

माझं म्हणणं वेगळंच आहे. कळंबोलीत राहून चंद्राचा परिणाम स्वतःच्या मूडवर शोधायचा, ही मला जरा गंमत वाटते. कारण चंद्र इथे आपल्याला रोज दोनदा भेटतो, खाडीच्या पाण्यातून. आपली वसाहत सखल जागेवर, खाडीच्या काठच्या खाजणांवर भराव टाकून उभी राहिलेली आहे. अमावास्या आणि पौर्णिमेला, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, उधाणाची भरती येते. आणि आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बारा-एकच्या सुमारासच येते. जुन्या कोळ्यांचा हिशेब साधा होता: तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या आसपास. घड्याळ नको, अ‍ॅप नको. ‘मून कॅलेंडर’ म्हणतात ते हेच की!

आता वसाहतीच्या आधीची कळंबोली आठवा, म्हणजे ज्यांच्या घरात ती आठवण आहे त्यांना विचारा. कळंबोली गाव, रोडपाली, खिडुकपाडा, नावडे. इथली भातशेती खारजमिनीतली. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध आणि बांधात ‘उघाडी’. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीला बंद, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला उघडं, म्हणजे पावसाचं साठलेलं पाणी बाहेर निघून जातं. एवढ्या एका दारावर गावाचं वर्षाचं भात अवलंबून. बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली, उधाणाला खांड पडली, की शेतात खारं पाणी. मग पीक गेलंच, जमीनही पुढची दोन-चार वर्षं नीट पिकत नाही. म्हणून उधाण जवळ आलं की बांधावर फेरी असायची, माती टाकायला घराघरातून माणूस जायचा. अशा जमिनीतल्या भातासाठी पनवेलला खास खारभूमी संशोधन केंद्र आहे. ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’, ‘पनवेल 3’ ही खारं सोसणारी भाताची वाणं तिथलीच. आपल्या गावाच्या नावाचा तांदूळ आहे, आणि आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे?

याच शेतीतून कोकणात कोजागरीला ‘नव्याची पुनव’ म्हणतात. भाताच्या नव्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडूची फुलं यांची जुडी दाराला बांधायची, नव्या तांदळाचा घास देवाला दाखवायचा. आभारच ते. पण ते मानणारा माणूस चार महिने त्या बांधावर राबलेला असायचा. आभाराच्या आधी देखभाल होती.

नारळी पौर्णिमेचंही तेच. आपल्याला दिसतो सोन्याचा मुलामा दिलेला नारळ, मिरवणूक, नाच, नारळीभात. पण समुद्राला नारळ देण्याआधी कोळ्यांनी दोन महिने होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात. पावसाळा हा माशांच्या प्रजननाचा काळ. सरकारी बंदी अनेक वर्षं 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची ठरलेली, पण परंपरेचा नियम तारखेचा नव्हता, पौर्णिमेचा होता. अधिक मास आला की ती पौर्णिमा पुढे जाते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, तर नारळी पौर्णिमा थेट 30 ऑगस्टला आली. म्हणजे समुद्राला विश्रांतीही तेवढी जास्त. स्वतःचं उत्पन्न थांबवून मग मानलेले हे आभार. वहीत तीन ओळी लिहिण्यापेक्षा हे बरंच महाग काम आहे, नाही का?

आणि आपण? खाडीला आपण काय देतो ते कासाडी नदीला विचारा. तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहत ती पुढे पनवेलच्या खाडीकडे जाते. 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळे कुत्रे फिरताना दिसले, त्याचे फोटो जगभर गेले. रंगाच्या कारखान्याचं पाणी होतं ते. नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. त्याच पाण्यात मासेमारी करणारी कुटुंबं अजून आहेत, आणि नारळी पौर्णिमेला नारळही तेच सोडतात. असो, तो विषय स्वतंत्र पोस्टचा आहे.

मूळ मुद्द्यावर येतो. सिडकोने 95 गावांच्या जमिनी घेऊन हे शहर वसवलं तेव्हा बांध आणि उघाड्या गेल्या. पण खाडी आणि चंद्र जागेवरच राहिले. म्हणून सिडकोने धारण तलाव केले. धारण तलाव म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, मोठी उघाडी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, तोवर पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जातं. पद्धत उत्तम. फक्त दोन अटी आहेत: तलावात पाणी साठायला जागा हवी आणि झडप हलायला हवी. गाळाने तलाव उथळ झाला की त्याची पोटातली जागा संपते. मग उधाणाच्या दुपारी जोराचा पाऊस आला की पाणी जाणार कुठे? तळमजल्यावर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच दुपारी मुंबईत 4.48 मीटरची भरती होती, हे विसरलं जातं. पाऊस आणि भरती यांची गाठ पडली, तिथे घात झाला. आणि भरतीची वेळ वर्षभर आधी छापून येते. पाऊस सांगून येत नसेल, चंद्र सांगून येतो.

गाळ का काढला जात नाही, यावर एक ठरलेलं उत्तर असतं: खारफुटी. नवी मुंबईतल्या धारण तलावांत गाळ साचला, त्यावर खारफुटी वाढली, आणि 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. माझ्या मते तो निकाल योग्यच आहे, खाडीकाठची खारफुटी हाच आपला उरलेला बांध आहे. पण ती तलावात उगवली, कारण गाळ वर्षानुवर्षं तसाच राहिला. आता परवानगी काढायची तर पाहणी, प्रस्ताव, न्यायालय, यात महिने जाणार. म्हणून हा विषय आत्ता, ऑक्टोबरमध्ये काढायचा असतो. मे महिन्यात नालेसफाईच्या पाहणीचे फोटो येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि दुसरं, ‘हे सिडकोचं की महापालिकेचं?’ पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 ला झाली. तलाव कुणाच्या ताब्यात, गाळ शेवटचा कधी काढला, खोली किती, झडपांची दुरुस्ती कधी, जबाबदार अधिकारी कोण, एवढं एका पाटीवर लिहून तलावाशी लावायला किती खर्च येतो? सणाच्या शुभेच्छांच्या बॅनरपेक्षा नक्कीच कमी. ज्यांना आपली मतं हवी असतात, त्यांनी पुढच्या वर्षी शुभेच्छांऐवजी ही पाटी लावून दाखवावी.

सोसायट्यांसाठीही एक सूचना. कोजागरीची वर्गणी आपण काढतोच. पावसाळ्याआधी उधाणाच्या तिथी आणि भरतीच्या वेळा यांचा एक कागद जिन्याखालच्या फळ्यावर लावा. तळमजल्याच्या लोकांना सामान कधी उचलायचं ते कळेल, गाड्या कुठे लावायच्या ते कळेल. वॉचमनकाकांनाही समजेल असा, मराठीत आणि हिंदीत.

येत्या त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी दिवे लावायचे आहेतच. त्या दिवशी दोन फेऱ्या मारायच्या असं मी ठरवलंय. एक दुपारी साडेबारा-एकला, भरती भरली असताना, आणि दुसरी संध्याकाळी साडेसहा-सातला, ओहोटी लागल्यावर. रस्त्यावरूनच बघायचं, तलावात कुणी उतरायचं नाही, लहान मुलं असतील तर हात धरून ठेवायचा. दोन्ही वेळा एकाच जागेवरून फोटो काढायचा. ओहोटीतही आतलं पाणी तेवढंच दिसलं, तर झडप उघडत नाही किंवा तोंडाशी गाळ आहे, दोहोंपैकी एक. फोटो तारीख-वेळेसह इथेच कमेंटमध्ये टाका. सगळे गोळा करून लेखी निवेदनासोबत जोडू आणि पोच घेऊ. कोण कोण येताय, सेक्टरसह लिहा.