इस्लापुरास शेतीची शाळा हवी

१९५६ साली राज्यपुनर्रचनेचा कायदा झाला, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल किनवट तालुक्यासह मराठी मुलखास जोडण्यात आले. सरहद्द बदलली, दफ्तराची भाषा बदलली. परंतु पैनगंगेकाठच्या लहान शेतकऱ्याचे दैव कितीसे बदलले? डोंगरउतारावरची हलकी जमीन, पावसाच्या भरवशावरचा कापूस व सोयाबीन, दर साल विकत घ्यावयाचे बियाणे आणि त्यासाठी काढावयाचे कर्ज, हा गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशा सर्वांच्याच वाट्यास आलेला फेरा होय. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा पाहावयास लोक दुरून येतात. शेजारच्या उतारावरून वाहून जाणारी माती पाहावयास मात्र कोणी येत नाही.

मराठवाड्यात कृषिज्ञानाचा दुष्काळ आहे असे नाही. परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ‘एनएचएच ४४’ हे संकरित वाण दिले. बिलोली तालुक्यात सगरोळीस कृषी विज्ञान केंद्र चालू आहे. उणीव आहे ती हे ज्ञान गरिबाच्या जमिनीवर, गरिबाच्याच साधनांनी कसोटीस लावण्याच्या जागेची. म्हणून इस्लापूरच्या पंचक्रोशीत ग्रामसभेच्या ताब्यातील चार-पाच एकरांवर गावाने स्वतः चालविलेले एक शिक्षणशेत निघावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, प्रात्यक्षिके तर सरकार करीतच असते. खरे आहे, पण जेथे बी फुकट, खत फुकट आणि तूट सोसणारा दुसराच, तेथील पीक पाहून शेतकरी मान डोलावतो व घरी जाऊन पूर्वीचेच करतो. यात त्याचा अडाणीपणा नसून व्यवहारज्ञान आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते! यास्तव या शेताची जमीन निवडक काळी नसावी. शेजाऱ्याच्या शेतासारखीच उताराची असावी. त्यास शेजाऱ्याहून अधिक पाणी नसावे. आणि दर हंगामाचा जमाखर्च, नफा असो वा तोटा, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. ज्या शेताचा तोटा गावास माहीत असतो, त्याच्याच नफ्यावर गाव विश्वास ठेवते.

तेथे शिकवावयाचे काय? उतारास आडवी पेरणी, बांधबंदिस्ती, कापसात तुरीचे आंतरपीक, शेणखत, शेळ्या-कोंबड्यांची जोपासना. सोयाबीनचे सरळ वाण असेल तर त्याचे बी घरी राखता येते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे. सत्तर वा अधिक उगवले तर बी पेरण्याजोगे समजावे. एवढी साधी परीक्षा ज्या घरात रुळेल, त्या घराचे मृगातले कर्ज तेवढे कमी होईल.

हे स्वप्नरंजन नव्हे. कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत १९७६ साली कृषी विज्ञान केंद्र निघाले. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापून, शाळा सुटलेल्या मुलांस शेती व कारागिरी हातांनी काम करीत शिकविली. आणि पावसाचे पाणी मुरेल असे बांध घालण्याची गोष्ट तर महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच सांगून ठेवली आहे.

दोन गोष्टींकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. बी निवडणे, निंदणी व वेचणी बायका करतात आणि प्रशिक्षणाचे निमंत्रण जाते सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषास! या शेतात निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात व शिकवणे गोंडी, कोलामी, गोरमाटी या घरच्या बोलीतही व्हावे. दुसरे असे की, भूमिहीनास शिकण्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. रोजगार हमीचा कायदा ज्या महाराष्ट्राने १९७७ साली केला, त्यास शिकण्याच्या दिवसाची मजुरी देणे अशक्य नसावे.

किनवटचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, परभणीचे विद्यापीठ आणि इस्लापूरची ग्रामसभा यांनी येत्या मृगापूर्वी एकत्र बसावे. जाणत्यांनी तेथे पाहुणे म्हणून जावे. यजमानपण गावाकडेच असू द्यावे.