आरोग्यविचार : मधुमेह्याचे पाय

कुरुंदवाडहून पंचगंगा ओलांडली कीं नृसिंहवाडी. दत्तपादुकांच्या दर्शनास अनवाणी जाण्याचा नेम येथील कित्येक घरांत आहे. नेमास आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या वडील मंडळींस मधुमेह आहे, त्यांच्यासाठीं चार शब्द स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

मधुमेह बरीच वर्षें राहिला म्हणजे ज्ञानतंतू बिघडून पाय बधिर होऊं लागतात. वैशाखांतील तापलेली फरशी, बाभळीचा कांटा, वहाणेंत शिरलेला खडा, कांहींच कळत नाहीं. दुखत नाहीं म्हणून मनुष्य त्याच जखमेवर चालत राहतो, ती हाडापर्यंत जाते आणि शेवटीं पाय कापण्याची पाळी येते.

मधुमेह्यांस पिडका शरीराच्या अधोभागीं होतात, हें सुश्रुतानें चिकित्सास्थानांत सांगितलेंच आहे. निर्धन प्रमेह्यानें पादत्राण व छत्री यांवांचून शंभर योजनें चालावें, हेंही तेथेंच आहे आणि आमचे कांहीं स्नेही तें वचन मोठ्या हौसेनें पुढें करितात. त्यांनीं आणखी कांहीं अध्याय वाचावे. सदा अनवाणी चालणें आरोग्यास व दृष्टीस घातक, असें तोच ग्रंथकार म्हणतो! चालणें घ्यावें, अनवाणीपणा सोडावा.

आमच्या प्रांताची कोल्हापुरी वहाणही या पायास योग्य नव्हे. अंगठा घासतो, तळ कठीण असतो. मऊ तळाचें, मागें पट्टा असलेलें पादत्राण आंत हात फिरवून मग घालावें. दर्शन ऊन चढण्यापूर्वीं, जाड मोजे घालून घ्यावें. रोज रात्रीं तळवे पाहावे. वृद्धास वांकवत नसेल तर नातवानें पाहावे. एकत्र कुटुंबाचा एवढा तरी उपयोग व्हावा. कुरूप घरीं कापूं नये.

जखम दिसल्यास हळद, चुना न भरतां स्वच्छ पट्टी बांधून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. काळेपणा, दुर्गंधी वा ताप असल्यास मिरज, सांगली किंवा कोल्हापूर गांठण्यास रात्रीचाही विचार करूं नये. मृत त्वचा काढणें, जंतुनाशक औषधें, साखर ताब्यांत आणणें हें होतेंच. परंतु त्या जागेवरील भार उतरला नाहीं तर सर्व व्यर्थ. डॉ. पॉल ब्रँड यांनीं १९४६ नंतर वेल्लोर येथें कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर हेंच दाखविलें: बोटें बहुधा न कळलेल्या इजांनीं झिजतात, आणि प्लास्टरांत बसवून भार विभागलेला पाय भरून येतो. मधुमेह्यांसही आज तोच उपाय करितात. मात्र भार उतरविणें म्हणजे घरांतल्या घरांतही त्या पायावर न चालणें, पूजेची कळशीही दुसऱ्याकडून आणविणें; आणि आमच्या वृद्धांचा हट्ट नेमका येथेंच आडवा येतो.